आईच्या शेळ्या माझ्या फोनमध्ये

माझ्या फोनमध्ये आईच्या शेळ्या यायला लागल्या तेव्हा सुरुवातीला मला त्याची गंमत वाटली होती. सेनगावात मी कॉम्प्युटरचा क्लास घेते. दोन बॅचच्या मधे चहा प्यायला बसले आणि फोन उघडला, की मुलांच्या अर्जांच्या आणि हॉलतिकिटांच्या फोटोंमधून एखादी काळी शेळी तोंड वर करून माझ्याकडे बघत असायची. तिच्यामागून आईचा आवाज यायचा, "ही लांबकानीची थोरली. आज बुधवार. दोन दिली, एक पाठ, एक बोकड. दोगं बी उभे राहिले." पाठ म्हणजे मादी करडू. तेवढ्यावर व्हिडिओ संपायचा.

आमचं गाव औंढा नागनाथ आणि जवळा बाजार यांच्या मधे, डांबरी रस्ता सोडून आत. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. शेळ्या मात्र घरीच राहतात आणि त्या आईच्या. तीस-पस्तीस असतील, सगळ्या काळ्या. परक्या माणसाला त्यातली एक दुसरीपासून ओळखू येत नाही. लग्न होऊन गेल्यापासून मलाही येत नाही. आईला शेळी पाठमोरी असली तरी कळते. पण ओळखणं वेगळं आणि कोण कोणाच्या पोटची हे ध्यानात ठेवणं वेगळं. घरचा बोकड त्याच्याच लेकींवर किंवा बहिणींवर गेला तर करडं अशक्त निपजतात. दर खेपेला जुळी देणाऱ्या शेळीची एक तरी लेक घरात ठेवावी लागते. या सगळ्याचा हिशेब आई डोक्यात ठेवायची. ती शाळेत दोन वर्षं गेली. आकडे ओळखते, सही करते, त्यापुढे नाही. हातात फोन आला तेव्हा तिला कुणी न सांगता सुचलं, की लिहिता येत नसलं तरी बोलून ठेवता येतं. शेळी व्याली की आई व्हिडिओ काढायची. शेळीचं तोंड, कान, मग करडं, आणि वर तिचं बोलणं.

फोन मीच घेऊन दिला होता. सुरू करताना त्याने ई-मेलचं खातं मागितलं. आईचं कुठलं खातं असणार? मी माझं टाकलं आणि मोकळी झाले. म्हणून तिच्या शेळ्या माझ्याकडे यायच्या.

वर्षभरानं तो फोन शेळ्यांच्या पाण्याच्या हौदात पडला. "गेल्या माझ्या शेळ्या," आई फोनवर म्हणाली. शेजारणीच्या फोनवरून बोलत होती. मी दुसरा फोन घेऊन गेले, त्यात तेच खातं टाकलं, आणि थोड्या वेळात सगळे व्हिडिओ एकामागून एक दिसायला लागले. आई एकदा फोनकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

"हे कुटून आले?"

"वर ठेवलेले असतात."

"वर म्हंजे कुटं?"

"क्लाउडवर. बॅकअप असतो सगळ्याचा," मी म्हणाले.

आणि पुढे मी हे उदाहरण वर्गात द्यायला लागले. फोन पाण्यात पडला तरी काही जात नाही, कारण सिंक चालू असतं. सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहेच. फळ्यावर दोन शब्द लिहून मधे बरोबरचं चिन्ह काढायचे. कोणी कधी शंका घेतली नाही.

त्यानंतरच्या दिवाळीला गावी गेले तेव्हा आईचा फोन गच्च भरला होता, नवा फोटो निघत नव्हता. फोन स्वतःच विचारत होता, जागा मोकळी करायची का? मी करून टाकली. चॅटमधले जुने मोठे व्हिडिओही काढले. गॅलरी उघडून बघितली, सगळ्या शेळ्या जागच्या जागी दिसत होत्या. मग काही दिवसांनी आईची तक्रार आली.

"बाई, रानात व्हिडिओ लागतच न्हाई. गोल गोल फिरून राहिलं नुसतं. रस्त्यावर आले की लागतं."

"रेंज नसेल रानात."

"पर मी कुणाला फोन थोडीच करून राहिले? माझ्याच फोनातलं बघून राहिले."

प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हणाले, "असतं तसं कधी कधी."

मग अर्ज भरायचे दिवस आले. क्लासमध्ये रोज पोरापोरींची गर्दी, प्रत्येकाचा फोटो, सही, दाखले माझ्या फोनवर. एका सकाळी खात्याची जागा संपली. मेल येणं बंद झालं. मी गॅलरी उघडली तर अर्ध्याहून जास्त जागा शेळ्यांनी व्यापलेली. मला वाटलं, आईच्या फोनमध्ये आहेतच की. माझ्याकडे कशाला दुहेरी? मी बोट धरून एकेक शेळी निवडत गेले आणि सगळ्या एकदम काढून टाकल्या. फोनने मधे दोन ओळी काहीतरी विचारलं. अशा ओळी वाचायची सवय माझी कधीच सुटली होती. मी 'हो' दाबलं. जागा तरी मोकळी दिसेना, म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. तिथेही त्याने विचारलं, तिथेही मी 'हो' म्हटलं. मेल धडाधड यायला लागले आणि मी कामाला लागले.

जवळा बाजारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी आईचा फोन आला.

"माझ्या शेळ्या कुटं गेल्या, बाई?"

मला वाटलं सुटून कुणाच्या हरभऱ्यात शिरल्या. "कुठे सोडल्या होत्यास?"

"त्या न्हाईत. फोनातल्या. एक माणूस पाठ मागून राहिला. म्हणतो, हिच्या मायनं जुळी दिलेली दाखव. मी फोन काढला तर एक शेळी न्हाई त्यात."

मागे बाजाराचा कालवा ऐकू येत होता. माझ्यासमोर चार मुली फॉर्म घेऊन उभ्या होत्या. मी म्हणाले, "तू काहीतरी दाबलं असशील."

"दाबलं असंल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारच्या बॅचमध्ये नेमका तोच धडा होता. मी शब्द लिहिले, मधे चिन्ह काढलं, हौदाची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावर तांड्यावरून येणारी एक बाई बसायची, माझ्याच वयाची, दोन लेकरांची आई. तिने विचारलं, "मॅडम, एका फोनातून काढलं तर दुसऱ्यात राहते का मग?"

"राहतं ना," मी म्हणाले.

"पर तुमी म्हणल्या, दोन्हीकडं सारखंच असते."

सारखंच असतं, हे मीच म्हटलं होतं. एकीकडे नसेल आणि दुसरीकडे असेल, तर ते सारखं कसं? मी तिला "बघून सांगते" म्हणाले. दहा वर्षांत वर्गात हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही.

बॅच सुटल्यावर मी खात्याच्या मदतीचं पान उघडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात सरळ लिहिलं होतं, की खात्यातून काढलेला फोटो त्या खात्याशी जोडलेल्या सगळ्या फोनवरून जातो. कचऱ्याच्या टोपलीत काही दिवस राहतो आणि टोपली रिकामी केली की परत मिळत नाही. आणि 'जागा मोकळी करा' म्हटलं की फोनमधली प्रत जाते, वरची तेवढी राहते. रानात गोल का फिरत होतं, तेही तिथे होतं. दिवाळीपासून आईच्या फोनमध्ये जुन्या शेळ्या नव्हत्याच. रेंज असली की वरच्या दिसायच्या. आणि वरच्या मी सेनगावात बसून काढून टाकल्या होत्या.

रविवारी मी हिंगोलीहून औंढ्याची एसटी धरली, पुढे जीप. घरी पोचले तेव्हा आई शेळ्यांना तुरीचं भुसकट टाकत होती.

"तू काही दाबलं नव्हतंस," मी म्हणाले. "मी दाबलं. माझ्या फोनवर."

तिने हातातली पाटी खाली ठेवली. रागावेल म्हणून मी तयारी करून गेले होते. गाडीत चार वाक्यं जुळवली होती. तिने विचारलं, "सेनगावातून?"

"हो."

"सेनगावात बसून तू माझ्या फोनातलं मिटवलं?"

"हो."

"ते काहून झालं?"

त्या 'काहून'मध्ये राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. रागाचं म्हणाल तर तो नंतर, हात धुताना, एकाच वाक्यात आला. "मला वाटलं माझीच बोटं जाड झाली. चार दिवस मी फोनाला हात लावला न्हाई."

मी समजावून सांगायला लागले. खातं, सर्व्हर, सिंक. ती दोन मिनिटं ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बोलू नको. करून दाखव."

आम्ही अंगणात बाजेवर बसलो. तिचा फोन तिच्या हातात, माझा माझ्या. तिने समोरच्या पितळी तांब्याचा फोटो काढला. थोड्या वेळाने तांब्या माझ्या फोनमध्ये आला. मी तो माझ्याकडून काढला. ती तिच्या फोनकडे बघत राहिली, आणि तांब्या तिच्याही समोरून नाहीसा झाला. तिने तांब्या उचलून बघितला, जणू तोही जाईल, आणि स्वतःशीच हसली.

"आता मी मिटवते," ती म्हणाली. पुन्हा फोटो, पुन्हा तो माझ्याकडे आला. तिने मिटवला. माझ्याकडूनही गेला.

"म्हंजे कोणी बी मिटवलं तरी जातो. थोरला-धाकटा कोणी न्हाई यात."

"नाही."

"आता माझ्या फोनाचं नेट बंद कर. मग तू मिटव."

हे मला सुचलं नसतं. पुन्हा तांब्याचा फोटो घेतला, तो माझ्याकडे आल्यावर तिचं नेट बंद केलं. मी माझ्याकडून तांब्या मिटवला. तिच्याकडे तो तसाच राहिला. आम्ही चहा करून प्यायलो, तरी होता. आईला भारी आनंद झाला. "राहिला बघ. त्याला खबरच न्हाई पोचली." मग तिने स्वतः नेट चालू केलं आणि फोन गुडघ्यावर ठेवून वाट बघत बसली. थोड्या वेळात तांब्या गेला.

"पोचली खबर," ती म्हणाली.

अजून दोन-तीन प्रयोग तिने करायला लावले. व्हिडिओ मिटवला तर? एखाद्या माणसाचा नंबर मिटवला तर? नंबरही दोन्हीकडून गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मागे माझ्या यादीत 'बोकडवाला' कुठून आला होता, जो मी ओळखीचा नाही म्हणून काढून टाकला होता. त्या वेळी आई आठवडाभर म्हणत होती, की त्या माणसाचा नंबर सापडत नाही.

"म्हंजे हे दोन फोन न्हाईतच," शेवटी ती म्हणाली. "एकच घर हाय, दारं दोन. तू तुझ्या दारानं शेळ्या हाकलून दिल्या, तर माझ्या दारात कशा दिसतील?"

"बरोबर."

"मग फोन हौदात पडला तवा काहून वाचल्या?"

"तेव्हा दार मोडलं होतं. घर तसंच होतं."

तिला ते पटलं. मग म्हणाली, "मग हे माझ्या बहिणीकडं ठेवतो तसं न्हाई."

मला कळलं नाही. तिने सांगितलं. मी शाळेत होते तेव्हा एका हिवाळ्यात शेळ्यांना रोग आला आणि दहा-बारा दिवसांत गोठा रिकामा झाला. मला तो रिकामा गोठा आठवतो, पण पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं. मावशीकडे आईची एकच शेळी तेव्हा होती, अर्धलीनं दिलेली. म्हणजे सांभाळायची मावशीने आणि करडं दोघींत निम्मी. रोग तिकडे पोचला नाही. आजचा सगळा कळप त्या एका शेळीचा. तेव्हापासून आई प्रत्येक चांगल्या वाणाची एक पाठ मावशीकडे ठेवते. "इकडं काय बी झालं तरी तिकडच्यांना त्याची खबर न्हाई," ती म्हणाली. "तसं तुझ्या त्या वरच्या घराचं न्हाई ना. तिथं लगेच खबर जाती."

मी वर्गात शिकवते, तरी 'बॅकअप' या शब्दाचा अर्थ मला इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता. वेगळी प्रत, वेगळ्या जागी, मूळ जागी जे घडेल ते आपोआप तिथे न घडणारी.

"मग असं वेगळं काही आहे का आपल्याकडे?" मी विचारलं. "तू कुणाला पाठवायचीस का व्हिडिओ?"

"बहिणीलाच. तिच्या शेळ्यांचं सोयरपण हाय ना यांच्याशी."

म्हणजे मावशीच्या फोनमध्ये वेगळी प्रत असायला हवी होती. आधी आईचं चॅट उघडलं. दिवाळीनंतर पाठवलेले पाच-सहा व्हिडिओ तिथे होते. त्याआधीचं मीच साफ केलं होतं. शेजारणीला शेळ्यांवर लक्ष ठेवायला सांगून आम्ही तशाच निघालो. मावशीचं गाव औंढ्याच्या पलीकडे. जीपमध्ये आई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "ते वरचं घर, ते कोणच्या गावाला हाय?" मी म्हणाले, मोठमोठ्या इमारती असतात, त्यात हजारो कॉम्प्युटर असतात. "कोणच्या गावाला?" मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. जीपमधल्या एकाने हैदराबाद सांगितलं, दुसरा म्हणाला परदेशात. आईने दोघांचंही ऐकून घेतलं आणि कुणावरच विश्वास ठेवला नाही.

मावशी आईपेक्षा धाकटी, बोलायला मोकळी. तिचा फोन म्हणजे कोठार. सकाळच्या शुभेच्छांची फुलं, भजनं, कुणाकुणाच्या लग्नांचे फोटो, सगळं पहिल्या दिवसापासूनचं. ती काहीच काढून टाकत नाही. "काढलं अन् लागलं तर?" असं तिचं म्हणणं. आयुष्यभर मी तिला यावरून बोलत आले होते. त्या दिवशी गप्प बसले.

चॅट वर वर सरकवत नेलं. शेळ्या दिसायला लागल्या. आई पुढे वाकली. पहिला दाबला, चालला. "ही झुपकीची धाकटी..." आईचाच दीड वर्षापूर्वीचा आवाज. दुसरा चालला. तिसरा धूसर होता, वर बाण. बाण दाबला तर संदेश आला, की ही फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

मी तो वाचून दाखवला. आई म्हणाली, "पाठवणारी मीच हाय. माझ्याकडंच न्हाई तर काय पाठवू?"

"अगं, तू हा उघडला नव्हतास का?" मी मावशीला विचारलं.

"रोज रोज काय शेळ्याच बघू?" मावशी म्हणाली. "नेट संपतं माय. जी आपल्या इकडची वाटली ती उघडली, बाकी राहू दिली. मला काय माहीत, न उघडलेलं उडून जातं."

मलाही ते त्या दिवशीच नीट कळलं. जो व्हिडिओ मावशीने उघडला तो तिच्या फोनमध्ये उतरला आणि तिचा झाला. जो उघडला नाही तो वाटेतच होता आणि काही दिवसांनी वाटेतूनच गेला. पाठवलं म्हणजे पोचलं असं नसतं.

संध्याकाळपर्यंत बसून आम्ही सगळे तपासले. निम्म्याहून थोडे जास्त निघाले. लांबकानीचं पूर्ण कुळ होतं. झुपकीच्या दोन लेकी होत्या. पण पांढऱ्या खुराच्या शेळीचं काहीच नव्हतं, आणि गोठ्यातला सध्याचा बोकड तिच्याच पोटचा की तिच्या बहिणीच्या, याबद्दल दोघी बहिणींत वाद होता. आई म्हणाली शेळीच्या बहिणीचा, मावशी म्हणाली त्या शेळीचाच. दोघी ठाम. व्हिडिओ असता तर एका मिनिटात मिटलं असतं. शेवटी आईने तो बोकड विकायचा आणि दुसऱ्या गावाहून आणायचा ठरवलं. मला वाईट वाटलं. ती म्हणाली, "शंका असंल तर ठेवू न्हाई. अन् मला बी आतून तुझ्या मावशीचंच खरं वाटतं. ती माझ्यापेक्षा बराबर सांगती, पर तिला सांगू नको." मावशी आत चहा टाकत होती.

पुढच्या रविवारी मी दोन पेनड्राइव्ह घेऊन गेले, आणि फोनला जोडायची पिनही. मावशीकडून आणलेले, चॅटमधले आणि नवे, सगळे व्हिडिओ दोन्हीत घातले. एक आईच्या पेटीत ठेवायचा, एक माझ्या क्लासच्या कपाटात. आईला दाखवलं, "हे झालं बॅकअप. आता फोनमधून काहीही मिटलं तरी याला खबर जाणार नाही."

तिने ते बोटाएवढं यंत्र उलटसुलट करून बघितलं. "यात हायेत?"

"आहेत."

"काढून दाखव."

"अगं, आत्ता तर घातलेत."

"घातलेत म्हणून सांगू नको. काढून दाखव."

मी काढून दाखवायला गेले तर दुसऱ्या पेनड्राइव्हमधले चार व्हिडिओ उघडले नाहीत. घालताना पिन हलली असावी. ते पुन्हा घातले. ती म्हणाली नसती तर मी तो तसाच नेऊन क्लासच्या कपाटात ठेवला असता, आणि वर्गात जाऊन सांगितलं असतं, की माझा बॅकअप आहे.

मग तिने आणखी एक अडचण काढली. "काल गाभण शेळी व्याली. ती यात हाय का?"

"नाही. यात आजवर काढलेलेच व्हिडिओ आहेत. तिचा तू अजून काढलाच नाहीस."

"अन् उद्या काढला तर?"

"पुन्हा घालेपर्यंत यात येणार नाही."

"पर वरच्या घरात येईल."

"हो, लगेच."

"मग दोन्ही लागतं," ती म्हणाली. "ताजं पाहिजे तर ते, अन् गेलेलं पाहिजे तर हे."

त्यानंतर दोन-तीन रविवार आम्ही गेलेल्या व्हिडिओंची भरपाई केली. ज्या शेळ्या गोठ्यात होत्या त्यांना एकेक करून समोर उभं केलं आणि आईने त्यांचं पुन्हा सांगितलं. ज्या विकल्या किंवा मेल्या होत्या त्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी म्हणाले, राहू दे. आईला ते मान्य नव्हतं. तिने मला फोन धरायला लावला आणि जिथे ती शेळी बांधली जायची त्या खुंट्याजवळ उभी राहून सांगितलं, "इथं पांढऱ्या खुराची बांधायचे. ती लांबकानीची चुलत बहीण. तिला तीन खेपा जुळी झाली. चौथ्या खेपेला एक." नुसता खुंटा आणि आईचे पाय दिसतात त्यात. एका ठिकाणी ती अडकली, बोटांवर मोजलं, आणि म्हणाली, "हे मला आठवत न्हाई." ते वाक्य मी कापून टाकणार होते. तिने कापू दिलं नाही. "जे न्हाई ते न्हाई म्हणून ठेव," म्हणाली.

वर्गात मी त्या तांड्यावरच्या बाईला उत्तर दिलं. दोन फोन आणि खडूच्या डबीचा फोटो घेऊन सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवला, आणि नेट बंद करून मिटवायचा प्रयोग माझ्या आईचा आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या लेकरांचे फोटो माझ्या नवऱ्याच्या फोनात हायेत, पर ठेवलेले न्हाईत." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी ती पेनड्राइव्ह घेऊन आली आणि तिच्या मागोमाग आणखी पाच जणी.

शेवटचं काम राहिलं होतं, आईचं खातं वेगळं करायचं. एका दुपारी मी ते केलं. पासवर्ड कागदावर लिहून पेटीत ठेवला. फोनच्या लॉकचा नंबर मात्र तिने स्वतः ठरवावा असं म्हटलं, कारण आकडे तिला येतात. मी तोंड दुसरीकडे केलं. तिने चार आकडे दाबले, पुन्हा चार दाबले, फोन बंद करून उघडून बघितला.

"काय ठेवलास?" मी विचारलं.

"कुणाला सांगायचा न्हाई म्हणालीस ना?"

"मला सांग की. विसरलीस तर?"

"तुला दार मोकळं केलं की तू शेळ्या हाकलतेस," ती म्हणाली आणि फोन कमरेच्या पिशवीत घातला. बाहेर एक करडू दावणीला अडकून ओरडत होतं. ती ते सोडवायला गेली.